आठव्या दिवसाची फेरी

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एक शाल घडी करून ठेवली आहे. नव्या पाहुण्याची नजर तिच्याकडं गेली की आमची ही मोठ्या कौतुकानं सांगते, यांनी बेचाळीस साली हिर्डोशीच्या डोंगरात जाऊन एका भूमिगत तरुणाच्या मांडीतली गोळी काढली होती, त्याबद्दल भोरला सत्कार झाला. ती हे सांगायला लागली की मी पाणी आणायला आत जातो. घरात गडी असला तरी मीच जातो.

गोळी मी काढली नाही. काढायचं कबूल करून मी परत गेलोच नाही, आणि ज्या माणसानं ते सगळं निस्तरलं त्याला माझ्यामुळं तुरुंगात जावं लागलं. त्याचं नाव दगडूअण्णा. त्याच्याविषयी लिहायचं इतकी वर्षं टाळत आलो, कारण त्याच्याविषयी लिहायचं म्हणजे माझ्याविषयीही थोडं लिहावं लागतं.

मी डॉक्टरकीची एलसीपीएस परीक्षा देऊन पुण्याहून भोरच्या संस्थानी दवाखान्यात रुजू झालो, तेव्हा दगडूअण्णा तिथं देवी काढण्याच्या कामावर होते. पोरांच्या दंडावर लस टोचत गावोगाव फिरायचं, हे त्यांचं काम. कागदोपत्री ते व्हॅक्सिनेटर, लोकांत ते देवीडाक्टर. आंबवड्याजवळच्या एका शेतकरी घरातले. आधीची तीन भावंडं देवीनं गेली, म्हणून हे जन्मल्यावर आईनं यांना उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचललं आणि नाव ठेवलं दगडू. देवीला फसवायला. देवी फसली नाही. सहाव्या वर्षी येऊन गेली आणि तोंडभर वण ठेवून गेली. तो चेहरा अण्णा गावोगाव दाखवत फिरायचे. एखादी बाई पोराला पाठीशी घालून उभी राहिली की तिच्यासमोर उकिडवे बसायचे, कंदील धरावा तसा चेहरा वर धरायचे आणि म्हणायचे, "बाई, माज्या आयनंबी न्हाई म्हनून सांगितलं व्हतं." पुढं काही बोलावं लागत नसे.

ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. तरी मी पहिल्या दिवसापासून त्यांना "अरे दगडू" म्हणायचो. आधीचे डॉक्टर म्हणायचे, म्हणून मीही. ते मला "डाक्टरसायब, तुमी" म्हणायचे. त्यात काही चुकतं आहे, असं त्या वेळी मला वाटलं नव्हतं.

लशीच्या काचेच्या नळ्या बेळगावहून टपालानं यायच्या. उन्हानं लस मरते, म्हणून अण्णा त्या केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि डबा ओल्या फडक्यात. वाटेत ओढा लागला की आधी डब्याला पाणी, मग स्वतःला. टोचण्याआधी पोराला एकच प्रश्न, तुमच्या बैलाचं नाव काय? पोरगं नाव सांगायला तोंड उघडायचं, तोवर दंडावर काम झालेलं असायचं. आणि ती नावं त्यांच्या लक्षात राहायची. पुढच्या वर्षी त्याच पोराला भेटल्यावर ते पोराच्या आधी बैलाची चौकशी करायचे. एका गावात बैल मेला होता, तर अण्णा अर्धा तास त्या घरी बसून राहिले. त्या दिवशीची तीन पोरं टोचायची राहिली आणि मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

देवी टोचली की आठव्या दिवशी पुन्हा जाऊन पाहावं लागतं. फोड आले तर लस लागली, नाहीतर पुन्हा टोचायचं. नियम आहे तसा. पण त्या डोंगरातनं एकदा जाऊन यायचं म्हणजे पायांचे तुकडे पडतात. दुसरी फेरी पुष्कळ जण कागदावरच उरकायचे. अण्णांनी ती कधी चुकवली नाही. पावसात अडकले, पायात काटा मोडला, घरी थोरल्या मुलीची सोयरीक होती, तरी आठव्या दिवशी माणूस गावात हजर. मी एकदा म्हणालो, अरे, नवव्या दिवशी गेलास तर काय आभाळ कोसळणार आहे? ते म्हणाले, "टोचाया कुनीबी जातंय, डाक्टरसायब. आठव्या दिशी जो जातो त्यालाच मानसं वळखत्यात." मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच झालं. आमच्याकडं घरात देवी आली की दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात. मग त्या घरात परका माणूस पाऊल टाकत नाही, आणि देवी उठेपर्यंत चुलीवर फोडणी होत नाही. लस टोचलेल्या पोरांच्या घरीसुद्धा बायका आठ दिवस फोडणी करत नसत. टोचलेली का असेना, देवीच ती. मी या प्रकाराला हसायचो. अण्णा हसायचे नाहीत. टोचणी चालू असलेल्या गावात तेही आठ दिवस बिनफोडणीचं जेवायचे. मी त्यांना छेडलं, तू सरकारी माणूस ना, तुझा यावर विश्वास आहे का? तर म्हणाले, माझा आहे की नाही ते राहू द्या, पण त्यांच्या घरात देवी बसवून मी आलो आणि माझ्या ताटात चरचरीत फोडणी, हे दिसायला कसं दिसेल.

सदऱ्याच्या आत ते खादीची बंडी घालायचे. संस्थानी नोकराला खादी उघड घालायची सोय नव्हती. घामानं सदरा अंगाला चिकटला की बंडीचं जाडंभरडं कापड दिसायचं आणि सगळा दवाखाना दुसरीकडं पाहायचा. बेचाळीसच्या ऑगस्टनंतर धरपकड सुरू झाली आणि अण्णांचा पत्र्याचा डबा नेहमीपेक्षा जड झाला. सोपटाच्या खाली भूमिगतांची पत्रकं असायची. मला हे कळलं ते एका हवालदाराच्या तोंडून. त्यानं नाक्यावर अण्णांना अडवून डबा उघडायला सांगितला होता. अण्णांनी डबा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि शांतपणे विचारलं की, आत देवी आहे, तुम्हीच उघडा, पण घरी लहान पोरं आहेत का? हवालदार चार पावलं मागं सरला. मला हे सांगताना तो स्वतःच हसत होता. त्याला वाटलं, म्हातारा लशीला फार जपतो. मी पुढं काही विचारलं नाही. न विचारण्यात मी तरबेज होतो.

त्या वर्षीची दिवाळी होऊन गेली आणि अण्णांची एक वर्दी आली. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथल्या एका घरात देवीचा संशय. अशी वर्दी आली की डॉक्टरनं समक्ष जाऊन पाहायचं, असा नियम. मी कुरकुरत निघालो. निम्मी वाट बैलगाडीनं, बाकीची पायी. धनगरवाड्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका झोपडीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा होता आणि दारात अण्णा उभे होते.

आत देवी नव्हती. घोंगडीवर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा पडला होता. उजवी मांडी सुजून चकाकत होती. घाटाखाली कोकणात कुठल्याशा कचेरीवर मोर्चा गेला होता, तिथं गोळी लागलेली. साथीदारांनी त्याला ब्रिटिश हद्दीतून वर, संस्थानात, आणून टाकलं होतं आणि ते पांगले होते. झोपडी ठकूबाई नावाच्या धनगरणीची. तिनं कशाला, काय, काही न विचारता त्याला घरात घेतलं होतं. डहाळा लावायची युक्ती तिची. पोलीस दोनदा वाडीत येऊन डहाळा बघून लांबूनच परत गेले होते.

अण्णा म्हणाले, "तुमाला बोलवायची दुसरी वाट नव्हती, म्हनून वर्दी लिवली. म्या धुतो, बांधतो. चिरायचं काम माज्या हातचं न्हाई."

मी मांडी पाहिली. गोळी हाडाला लागून नव्हती. हत्यारं हाताशी असती तर माझं अर्ध्या तासाचं काम होतं. मी तसं सांगितलं. म्हणालो, हत्यारं आणि औषध घेऊन परवा येतो. हे म्हणताना मी खोटं बोलत नव्हतो, एवढं अजूनही मला वाटतं.  मी वाटेला लागलो तेव्हा अण्णा ओढ्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, वर्दीवर पाहणीचा शेरा लिहावा लागेल, त्यात कांजण्या लिहा. पुष्कळदा कांजण्यांनाच देवी समजतात, कुणाला काही वाटणार नाही. मग मला म्हणाले, "येताय ना परवा? मग आमी हात लावत न्हाई."

मी म्हणालो, येतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन पाहतो तर माझ्या खुर्चीशेजारी फौजदार बसलेला. हाताला गळू झालं होतं. मी पट्टी बांधत असताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की काल डॉक्टर डोंगरात कुठं गेले होते. मी म्हणालो, देवी पाहायला. त्यानं विचारलं, सापडली का? जखमी माणसाची माहिती दडवणाऱ्याची नोकरी जाईल, अशी तंबी सगळ्या दवाखान्यांना आली होती, तो कागद समोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता. मला फक्त कांजण्या म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाही."

एकदा नाही म्हटल्यावर कागदावर दुसरं कसं लिहिणार? मी अण्णांच्या वर्दीवर शेरा मारला. समक्ष पाहणी केली, देवीचा रोगी आढळला नाही, व्हॅक्सिनेटरनं चुकीची वर्दी का दिली याचा खुलासा घेण्यात यावा. खाली सही. अक्षरन् अक्षर खरं होतं. पुढं कितीतरी वर्षं मी त्याच एका गोष्टीला धरून बसलो होतो, की मी खोटं काही लिहिलं नाही. तो शेरा मी स्वतःच्या अंगाशी काही येऊ नये म्हणून लिहिला, आणि तो वाचणारा, देवी नाही मग दाराला डहाळा कशाला, असं विचारणार हे लिहिताना मला चांगलं माहीत होतं. वर्दी त्याच दिवशी वरच्या कचेरीत गेली.

परवाचा दिवस उजाडला. हत्यारांची पेटी मी भरून ठेवली होती. ती तशीच टेबलाखाली राहिली. त्या दिवशी दवाखान्यात खूप रोगी आले, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर नेहमीइतकेच आले होते.

मी परतल्यापासून पाचव्या दिवशी पोलीस अण्णांना घेऊन बाजारातनं चालले होते. दवाखान्यासमोर आल्यावर त्यांनी पोलिसांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि पायरीशी आले. मला वाटलं, आता हा माणूस चारचौघांत माझं नाव घेणार.  ते म्हणाले, "सायब, खालच्या फळीवर सात नळ्या हायत्या, सोपाट वलं करा. गुंजवन्याचा आठवा दिस परवा हाय. कुनालातरी धाडा."

एवढं बोलून ते गेले. गुंजवणं वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी. तिथं त्यांनी टोचलेली पोरं वाट पाहत असणार. मी कुणाला पाठवलं नाही. कोण जाणार होतं? मी गेलो असतो तर गेलो असतो. नळ्या फळीवर सुकून गेल्या.

पोलिसांना झोपडीत मुलगा सापडला नाही, रक्ताचं फडकं सापडलं. वर्दी खोटी, शेरा माझा, फडकं झोपडीतलं. तेवढं पुरलं. अण्णांनी दोन पावसाळे तुरुंगात काढले आणि नोकरी गेली ती गेलीच. त्यांच्या जागी आलेला माणूस हिर्डोशीच्या बाजूला एकदा जायचा आणि दुसरी फेरी डायरीत लिहायचा. त्याच्या डायरीवर मी सही करायचो. खुलासा मागितला नाही.

पुढच्या चैत्रात धनगरवाड्यावरून पुन्हा वर्दी आली. मी गेलो. त्याच झोपडीला डहाळा होता. ठकूबाई दारात बसली होती. मला तिनं ओळखलं. म्हणाली, "आता खरी आलीया. या आत."

आत तिची नात होती, चार वर्षांची. नव्या माणसानं लस टोचली होती, पण लागली नव्हती, आणि आठव्या दिवशी पाहायला कुणी आलं नव्हतं. पोरगी वाचली, दोन्ही डोळे गेले. मी हात धुवायला बाहेर आलो तेव्हा ठकूबाईनं मला त्या गोळीचं सांगितलं. सांगताना आवाजात राग नव्हता, मेंढीच्या दुखण्याचं सांगावं तसं सांगत होती. तीन दिवस तुमची वाट पाहिली, म्हणाली. अण्णा ओढ्यावर जाऊन उभे राहायचे. चौथ्या दिवशी मुलगा बरळायला लागला. मग मेंढरांचे काटे काढायची सुरी निखाऱ्यावर धरून तिनं मांडी चिरली, अण्णांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मुलगा धनगरणीच्या हाताला घाबरून उसळत होता. तेव्हा अण्णांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की डॉक्टरसाहेब आलेत, आता भिऊ नकोस. त्यानं डोळे मिटले आणि निपचित पडून राहिला. त्याच रात्री धनगरांनी त्याला डोलीत घालून डोंगरवाटांनी वेल्ह्याच्या बाजूला पोहोचवलं. अण्णा मात्र मागं राहिले. त्या वाडीतल्या पोरांचा आठवा दिवस दुसऱ्या दिवशी होता, तो उरकायला. तिथंच त्यांना धरलं.

खाली उतरताना ओढ्याजवळ मी बराच वेळ बसलो. रडलो, असं लिहायला बरं वाटेल, पण रडलो नाही. हे कुणाला कळलं आहे का, एवढाच विचार करत होतो.

अण्णा सुटून आले ते निम्मे झालेले. दवाखान्याच्या आवारात यायचे, पायरीवर बसायचे. मी घाईत असल्याचं दाखवायचो. त्यांना "अण्णा" म्हणायला मी तेव्हा सुरुवात केली.  शेऱ्याबद्दल त्यांनी कधी शब्द काढला नाही. नव्या देवीडॉक्टरच्या मागं मागं, बिनपगारी, ते आठव्या दिवशी गावोगाव जायचे. त्या माणसाला ते सोयीचं होतं.

स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं. तो मुलगा आता पुढारी झाला होता. एक पाय ओढत चालायचा. तीन दिवस वाट पाहिली होती, त्याची ती खूण. त्यानं भोरला सभा ठरवली आणि सत्कारासाठी एकच नाव दिलं, माझं. मी तापात बरळत असताना ज्या डॉक्टरनं स्वतःची नोकरी पणाला लावून डोंगरात येऊन माझी गोळी काढली, असं तो भरल्या गळ्यानं बोलला. मांडव टाळ्यांनी दणाणला. शाल माझ्या खांद्यावर आली, हातात नारळ आला. मी दोन शब्द बोललो. ते तर माझं कर्तव्यच होतं, असं म्हणालो. हे शब्द मी खरोखर बोललो. बोलताना शेवटच्या रांगेत, मांडवाच्या खांबाला टेकून उभे असलेले अण्णा दिसले. तेही टाळ्या वाजवत होते. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. साधेपणानं, सगळे वाजवत होते म्हणून.

सभा सुटल्यावर मी त्यांना शोधत मोटारस्टँडवर गेलो. हिर्डोशीकडं जाणाऱ्या मोटारीशी ते उभे होते. काखेत ओल्या फडक्यातला डबा. मी शाल काढून हातात घेतली होती. ती त्यांना द्यावी, असं मनात होतं, पण तेवढंही जमेना. मी म्हणालो, अण्णा, मी तिथं खरं बोलायला पाहिजे होतं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो वणांनी भरलेला चेहरा, जो त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना समजवायला वर धरला होता, माझ्यासमोर होता.

"मग बोला की," ते म्हणाले. "मांडव अजून उतरला न्हाई."

त्यात टोचून बोलणं नव्हतं. खरंच मला वेळ आहे, हे ते मला सांगत होते. मी मान हलवली. ते मोटारीत चढले, मागच्या बाजूला बसले, डबा मांडीवर घेतला. मोटार निघाली तसे ते मागं वळून माझ्याकडं बघत राहिले, ओढ्यावर उभं राहून बघितलं असेल तसे. मी मांडवाच्या दिशेनं चालायला लागलो. मांडवात अजून माणसं होती. तो मुलगा कार्यकर्त्यांच्या घोळक्यात हसत उभा होता. मी चांगली ताठ मानेनं चालत होतो. मोटार पूल ओलांडून वळणाआड गेली.

मग मी दवाखान्याकडं वळलो.